मोठीमाय, माझं वाक्य अर्धं राहिलं

मोठीमाय,

तुझी तेरवी होऊन आज सहा दिवस झाले. मी होस्टेलवर परत आले आहे. सकाळी बाजारातून कॉलेजकडे चालत जाताना समोरून एक बाई येत होती. डोक्यावर पदर, डावा खांदा थोडा झुकलेला, हातात पिशवी. मी रस्त्यातच थांबले. जवळ आली तेव्हा ती दुसरीच कोणीतरी होती. तिनं मला विचारलं, "क्या हुआ बेटा?" मी म्हटलं, "कुछ नहीं." आणि मग कॉलेजच्या फाटकापर्यंत मला सारखं वाटत राहिलं की मागं वळले असते तर कदाचित ती तूच निघाली असतीस.

हे दिवस असेच चालले आहेत. आपल्या धरणावर थंडीत सकाळी धुकं उतरतं, तेव्हा पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं सुरू झालं ते दिसत नाही ना, तसं. तू आहेस आणि तू नाहीस, यांच्यामधली रेघ मला अजून सापडलेली नाही. मी वर्गात बसते, वही उघडते, मॅडम बोलत असतात, आणि मी आपल्या अंगणात असते.

मला असं लिहिण्याची सवय नाही. आपल्या घरात कोणी कोणाला पत्र लिहिल्याचं मी पाहिलं नाही. मी आजवर लिहिलं ते प्रॅक्टिकलच्या वह्यांमध्ये. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. त्यामुळे कुठं चुकलं तर सांभाळून घे. तू नेहमी घ्यायचीस.

बारावीचा निकाल लागला तेव्हाचं आठवतं का तुला? बाबा म्हणत होते, पोरीला एकटीला गोंदियाला कसं ठेवायचं. तू धानाचं सूप खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "गोंदिया का विलायतेत हाय का? दिवसाले चार बसा जाते. पोरगी शिकली तं कोनाचं काय जाते वो?" बाबा म्हणाले, "वहिनी, तुमाले नाई समजत." तू म्हणालीस, "मले नाईच समजत. म्हनूनच तं म्हनून राहिली, एखादीले तरी समजू द्या." मी या होस्टेलच्या खाटेवर बसले आहे ती तुझ्या त्या एका वाक्यामुळे. त्याबद्दल मी तुला कधी काहीच म्हटलं नाही. आपल्याकडे असं म्हणत नाहीत. म्हटलं असतं तर तू लाजून म्हशीकडे निघून गेली असतीस.

मी प्राणीशास्त्र घेतलं म्हणून तू मला जनावराची डाक्टरीन म्हणायचीस. मी चिडायचे. "मोठीमाय, मी डॉक्टर होणार नाही." तू म्हणायचीस, "मंग पाच वर्सं करते तरी काय तिथं?" हा वाद कधी मिटलाच नाही. दर सुट्टीत मी पहिल्यापासून समजावायचे आणि दर सुट्टीत तू शेवटी विचारायचीस, "बरं, पन म्हशीचं दूध काऊन कमी झालं, हे तं सांगशीन का नाई?"

पण मला सांगायचं आहे ते त्या वर्षाबद्दल. मी नऊ वर्षांची होते.

धरणाचं पाणी उन्हाळी धानाला सुटलं होतं आणि आपल्या शेतातल्या बांधीत रोवणा सुरू होता. रविवार होता म्हणून मी आईबरोबर आले होते. तुम्ही दहाबारा बायका ओळीनं वाकून रोपं लावत होतात. सकाळचं पाणी इतकं गार होतं की मी पाय घातला आणि ओरडून बाहेर काढला. तुम्ही सगळ्या हसलात. दुपारी सगळ्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जेवायला बसल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुझी पाण्याची बाटली भरलेली आहे, जशी सकाळी होती तशी.

मी विचारलं, "मोठीमाय, तुले तहान नाई लागत?"

"लागते ना."

"मंग पीत काऊन नाई?"

"पेली तं मंग जाचं कुठं वो? चारी बाजूनं उघडी बांधी. या धुऱ्यावर मानसं, त्या धुऱ्यावर मानसं."

बाजूची एक काकू म्हणाली, "हिले का कळते? हे तं कुठंबी बसंल." पुन्हा सगळ्या हसल्या. मीही हसले. मला तेव्हा एवढंच कळलं की मोठ्या बायका रोवण्याच्या दिवसांत पाणी पीत नाहीत, आणि ते असंच असतं.

घरी परतताना धुरा अरुंद होता म्हणून तू माझा हात धरलास. तुझा हात तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखा होता. मी म्हटलं, "मोठीमाय, तुले ताप हाय."

तू हात सोडवून घेतलास. "चूप. सांगजो नको कोनाले."

"काऊन?"

"सांगतलं तं दवाखान्यात नेतीन. मंग सारं निघंल."

सारं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. तुला दिवस गेले होते, आणि आपल्याकडे पहिले तीन महिने ते कोणाला सांगत नाहीत, नजर लागते म्हणून, हे मला फार उशिरा कळलं. दवाखान्याच्या बाकावर अर्धं गाव बसलेलं असतं आणि तिथली बाई मोठ्यानं विचारते, पाळी कधी आली होती. म्हणून तू ताप लपवलास. जे लपवायचं होतं ते एक होतं, पण त्याच्यासोबत ताप लपला, जळजळ लपली, थंडी वाजून येणं लपलं. मी कोणाला सांगितलं नाही. मला तर अभिमान वाटत होता की मोठीमायनं तिची गोष्ट मला एकटीला सांगितली.

दोन दिवसांनी महाशिवरात्र होती.

ती दुपार मला इतकी स्वच्छ आठवते की कधी कधी वाटतं, मी ती नंतर रचली असेल. देवळापाशी गड्यांनी ठंडाई घोटली होती. मोठे बाबा तुझ्यासाठी स्टीलचा ग्लास घेऊन आले, वर पळसाचं पान झाकलेलं. तुझा उपास होता. तू म्हणालीस, "भांग हाय यात." ते म्हणाले, "परसाद हाय. घोटभर घे." तू अर्धा ग्लास प्यायलीस, तोंड वाकडं केलंस आणि उरलेला त्यांच्या हातात परत दिलास. थोड्या वेळानं तू अंगणात भिंतीला टेकून बसलीस आणि म्हशीकडे पाहत राहिलीस.

"ही म्हस पाय, कशी पाहून राहिली. सासूबाईसारखी."

आजी तिथंच खाटेवर होती. ती म्हणाली, "मी अजून मेली नाई वो, आयकून राहिली."

आणि तू हसायला लागलीस. मोठीमाय, तशी हसताना मी तुला आधी कधी पाहिलं नव्हतं. पदर तोंडात कोंबलास तरी हसू बाहेर येत होतं. मग आजी हसली, मग आई, मग मी, कशाला ते न कळता. मोठे बाबा दारात उभे राहून तुझ्याकडे बघत होते, जणू त्यांना बायकोच्या जागी कोणी नवीनच माणूस दाखवला होता. नंतर तू चटईवर पडलीस आणि मोहाच्या झाडाकडे बोट करून मला म्हणालीस की अंगण हळूहळू हलून राहिलं, तलावात डोंगा हलते तसं. "तुले नाई वाटत?" तू विचारलंस. मी तुझ्याजवळ आडवी झाले, डोळे किलकिले केले, आणि खरंच सांगते, मलाही वाटलं.

चार दिवसांनी तू आतल्या खोलीत होतीस आणि दार लोटलेलं होतं. आई आत जात होती, बाहेर येत होती. बायका हळू बोलत होत्या. अंगणात कोणीतरी म्हणालं, "उपाशीपोटी भांग पेली ना." कोण म्हणालं ते मला आठवत नाही. ते वाक्य पुन्हा कोणी म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही, कारण तू ते उचलून घेतलंस.

त्याआधीही एकदा तुझा गर्भ असाच गेला होता, माझ्या जन्माच्या सुमारास, एवढंच मला ऐकून माहीत होतं. त्यानंतर मात्र पुन्हा दिवस राहिले नाहीत. दर शिवरात्रीला तू सकाळपासून काहीतरी काम काढायचीस, कोठी सारवायचीस, गोठा धुवायचीस, आणि प्रसाद आला की म्हणायचीस, तिथं ठेव. तुझ्या आयुष्यातली एक दुपार तू विनाकारण हसली होतीस, आणि तोच तुझा गुन्हा ठरला.

यंदा दिवाळीला मी आले तेव्हा माझ्या डोक्यात सेमिनार होता. मॅडमनी मला विषय दिला होता. आपल्या शरीरात भांगेतल्या पदार्थासारखेच पदार्थ आपोआप तयार होतात. त्यातल्या एकाचं नाव तर आनंद या शब्दावरूनच ठेवलेलं आहे. शरीरात जागोजागी त्यांच्यासाठी जणू कुलपं असतात. भांगेतला पदार्थ त्याच कुलपांत बसतो, म्हणून नशा येते. अशी कुलपं गर्भाशयातही असतात. गर्भ अगदी बारीक असतो, तो जागा शोधत येतो आणि चिकटतो, तेव्हा त्या ठिकाणी हा पदार्थ नेमका हवा तेवढाच लागतो. तो वाढला की धरलेलं सुटू शकतं. आणि शरीरात कुठं जंतू शिरून सूज पेटली की हा पदार्थ वाढतो. उंदरांच्या माद्यांमध्ये हे पाहिलेलं आहे. ज्यांच्यात ते कुलूपच नव्हतं, त्यांचे गर्भ सूज असतानाही जास्त टिकले. बायकांमध्ये सगळं असंच होतं का, ते अजून नीट उलगडलेलं नाही. एवढं मी वाचलं होतं, आणि वाचताना दर पानावर मला तुझा तापलेला हात आठवत होता.

आपण दोघीच होतो. तू तांदूळ पाखडत होतीस. मी म्हटलं, मी उंदरांवर वाचून राहिले.

"उंदरावर? अन् त्याच्यासाठी बसनं गोंदियाले जाते? आपली कोठी भरून हाय. इथंच शिक ना."

मी हसले आणि मग सांगितलं, अडखळत, पुस्तकातल्या शब्दांत. तू पाखडत पाखडत ऐकत होतीस. शरीर स्वतःच भांग बनवतं, असं मी म्हटलं तेव्हा सूप थांबलं.

"शरीरात? भांग?"

"भांगेसारखंच काहीतरी."

तू सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकलास. मग माझ्याकडे न पाहता विचारलंस, "मंग सांग. माया भांगेनं झालं का थे?"

एवढ्या वर्षांत तू हा प्रश्न कोणाला विचारला नसशील. आणि मी काय केलं? मी नाही म्हणू शकले असते. पण खोटं सांगायचं नाही, अर्धवट माहितीवर काही ठामपणे म्हणायचं नाही, हेच तर मी इथं शिकत होते. म्हणून मी सुरुवात सावधपणे केली. "मोठीमाय, भांगेतला पदार्थ तिथं जाऊन बसू शकतो. म्हणजे परिणाम होऊ शकतो, पण..."

तेवढ्यात मोठे बाबा फाटकातून ओरडले, "चाल वो पोरी, बस वळनावर आली!"

तू उठलीस. "जाय, जाय. सुटंल नाई तं." माझ्या पिशवीत चिवड्याची पुडी कोंबलीस. मी धावले. बसच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा तू फाटकाशी उभी होतीस आणि मान हलवत होतीस, हळूहळू, कोणाला तरी होकार देतात तशी. मला वाटलं, मला निरोप देते आहे.

मी फोन केला नाही असं नाही. पण घरी एकच फोन चालतो, मोठ्या बाबांचा, आणि तो नेहमी अंगणात, स्पीकरवर, सगळ्यांच्या मधोमध. मी म्हटलं, "मोठीमाय, तू विचारलं होतंस ना मला, ते..." तू घाईनं म्हणालीस, "हाव, हाव. आलीस का बोलू. सारे बसून हायेत इथं. जेवली का?" मी जेवले होते. मी ठरवलं, संक्रांतीला जाऊन सांगू. तोपर्यंत सेमिनार होईल, माझं वाचून पूर्ण होईल, मग नीट सांगता येईल.

सेमिनार झाला. मी तुझं नाव न घेता एका बाईचा दाखला दिला. शेवटी मॅडमनी विचारलं, "दोन वेळा गर्भ गेला म्हणतेस. पहिल्या वेळीही ताप होता का?"

मी म्हटलं, "माहीत नाही, मॅडम."

"त्या बाई हयात आहेत ना? विचारलंस का?"

मी नाही म्हणून मान हलवली. सगळं मी कागदांत शोधत होते, मोठीमाय. महिनाभर दुसऱ्या देशांतल्या उंदरांच्या तापाबद्दल वाचत होते, आणि तुला एकदाही विचारलं नाही की पहिल्या वेळी तुला ताप आला होता का. तू समोर बसून तांदूळ पाखडत होतीस. मी तुला सांगायला आले होते. विचारायचं माझ्या मनातच आलं नाही.

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. त्या दिवसांबद्दल मी लिहीत नाही. तुला ते माहीत नाही आणि मला नको आहे.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी बांधीकडे गेले. मोठे बाबा एकटेच उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांना, कोवळ्या रोपांना, पाणी देत होते. फावड्यानं माती बाजूला करायची, पाणी येऊ द्यायचं, माती परत लावायची. मी धुऱ्यावर बसले. त्यांनी एका वाफ्याचं तोंड बंद केलं, दुसऱ्याचं उघडलं. मग पाण्याकडे पाहतच म्हणाले,

"दिवाळीनंतर तुयी मोठीमाय म्हने, पोरीनं शिकून सांगतलं."

मी विचारलं, "काय सांगतलं?"

"का भांगेनं होऊ शकते म्हनून." त्यांनी फावडं टेकवलं. "रागावली नाई वो ते. बस सांगतलं मले. ग्लास मीच आनला होता ना."

तू त्यांना सांगितलंस. फाटकाशी मान हलवत होतीस, तो निरोप नव्हता. तू माझं अर्धं वाक्य पूर्ण समजून घेतलं होतंस, आणि ते घेऊन दीड महिना त्यांच्यासमोर भाकरी वाढलीस. आणि तेही तेवढे दिवस ते घेऊन जेवले. दोन माणसं, एकाच घरात, माझ्या एका अर्ध्या वाक्याखाली.

मी म्हटलं, "मोठे बाबा, माझं बोलणं पुरं नव्हतं झालं. बस आली होती."

"मंग आता पुरं कर."

"आधी मला सांगा. पहिल्या खेपेला भांग होती का?"

"नाई वो. पहिली खेप तं आखाडातल्या रोवन्यातली. तवा शिवरात कुठची?"

"आणि ताप?"

ते विचार करू लागले. मी त्यांच्याकडे पाहत नव्हते, पाण्याकडे पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "होता. तीन दिवस कनकन करत होती. मी म्हटलं, भिजली असंल. घरी सांगू नका म्हने."

पुढचा प्रश्न मोठ्या बाबांना कसा विचारायचा ते मला कळेना. मी खाली मान घालून विचारला. लघवीला जळजळ व्हायची का तिला? त्यांनी तोंड वळवलं, आणि तसेच म्हणाले, "रोवन्यात पानीच पीत नोती ना."

मग मी सांगायला लागले. यावेळी पुस्तकातले शब्द आलेच नाहीत. मी विचारलं, "रोवताना बांधीत पाणी किती ठेवता?"

"दोन बोटं. जास्त झालं तं रोप धरत नाई. तरंगून वर येते."

"आणि वरून नहर फुटली तर?"

"मंग सारं वाहून जाते. कितीबी चांगलं रोवलं असंल."

"तिच्या पोटात तसंच झालं, मोठे बाबा. दोन्ही वेळा. पाणी न पिता लघवी धरून ठेवायची, त्यानं जंतू शिरले, ताप आला, आत सूज पेटली, आणि नहर फुटली. जे दोन बोटं पाहिजे होतं ते गुडघाभर झालं. रोप तिनं नाही उपटलं."

"अन् माया ग्लास?"

मी खरं सांगायचं ठरवलं होतं. "त्या अर्ध्या ग्लासानं काहीच झालं नाही, असं मला छातीठोक सांगता येत नाही. गरोदर बाईनं भांग घेऊच नये. पण पहिल्या खेपेला ग्लास नव्हता, आणि तरी गेलं. ताप मात्र दोन्ही वेळा होता. मला विचाराल तर मी तापाचं नाव घेईन. तिचं नाही. तुमचं नाही."

ते खाली बसले, तसेच, ओल्या मातीवर. पऱ्ह्यांत पाणी भरत चाललं होतं आणि कोणी पाण्याचं तोंड बंद करत नव्हतं, म्हणून मी उठले आणि हातानंच माती लावली. मग ते म्हणाले, "मंग तिले काऊन नाई सांगतलं?"

बस आली होती, फोन स्पीकरवर होता, माझं वाचून व्हायचं होतं, हे सगळं खरं आहे, आणि यातलं काहीच उत्तर नाही.

म्हणून आता सांगते, मोठीमाय. भांगेतला पदार्थ तिथं जाऊन बसू शकतो, परिणाम होऊ शकतो, पण तुला ताप होता, दोन्ही वेळा होता, आणि तुझ्या हाताला हात लावूनही मी घरी येऊन कोणाला सांगितलं नाही, कारण तू नको म्हणाली होतीस आणि मी नऊ वर्षांची होते. तो ताप बरा होण्यासारखा होता. साध्या गोळ्यांनी. त्या दुपारी तू हसलीस म्हणून काही गेलं नाही. ती दुपार तुझीच होती. ती तुला कोणी परत दिली नाही आणि मी द्यायला उशीर केला.

निघताना मोठे बाबा म्हणाले, "तुले लिहता येते ना. तिले लिहजो."

मी म्हटलं, "मोठे बाबा, ती कशी वाचणार?"

"थे मले नाई माहीत. तू लिहजो. अन् माया तर्फेनंबी लिहजो." फावड्याची माती हातानं पुसत राहिले. "लिहजो, का तुले दोनदा ताप आला अन् मी एकदाबी विचारलं नाई, का होऊन राहिलं तुले म्हनून."